पदवीची आखणी: भौतिकशास्त्र निवडणाऱ्यांसाठी प्रस्तावना

बीएस्सीच्या अर्जात मुख्य विषय म्हणून भौतिकशास्त्र लिहिणारी मुलं तो निर्णय बराच विचार करून आलेली असतात. घरी चर्चा झालेली असते, अभियांत्रिकीचा मोह बाजूला ठेवलेला असतो, कुणा शिक्षकांचं एखादं वाक्य मनात घर करून असतं. मायनरचा, म्हणजे गौण विषयाचा रकाना मात्र तितक्या विचाराने भरला जात नाही. काही महाविद्यालयांत तो प्रवेशाच्या वेळीच भरावा लागतो, काही ठिकाणी पहिल्या वर्षाच्या अखेरीस. मैत्रिणीने काय घेतलं, कोणत्या विषयाला गुण सहज मिळतात, कोणत्या विषयाचे तास दुपारी लवकर संपतात, एवढ्यावर तो निर्णय होऊन जातो. पुढची तीन-चार वर्षं तुम्ही नेमकं किती आणि किती खोल भौतिकशास्त्र शिकाल, हे ठरवण्यात या दुसऱ्या रकान्याचा वाटा पहिल्याइतकाच मोठा आहे. ही पुस्तिका लिहिण्याचं मुख्य कारण तेच आहे.

आधी चौकट समजून घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160. महाराष्ट्रातल्या आराखड्यात हे आकडे थोडे वर जातात. एक श्रेयांक म्हणजे सेमिस्टरभरात वर्गातले 15 तास किंवा प्रयोगशाळेतले 30 तास. आयोगाच्या हिशेबात 120 पैकी मुख्य विषयाला 60 श्रेयांक आहेत. म्हणजे पदवीचा निम्मा भाग भौतिकशास्त्राच्या नावाखाली येतच नाही. तो गौण विषय, भाषा, कौशल्याचे अभ्यासक्रम, मूल्यशिक्षण, इंटर्नशिप यांत वाटलेला असतो. जुन्या रचनेत पहिल्या वर्षी तीन-चार विषय आणि शेवटच्या वर्षी एकच विषय अशी उतरती मांडणी होती, आणि विद्यार्थ्याला निवड करावी लागे ती फार थोडी. आता निवड पुष्कळ आहे. मुख्य विषयाचे पेपर विद्यापीठ ठरवतं, उरलेल्या निम्म्यातला बराचसा भाग तुमच्या हातात असतो. आखणी करायची ती याच भागाची.

ती कशाच्या आधारावर करायची? सेमिस्टरचं वेळापत्रक बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारा: हा विषय समजायला आधी काय यायला हवं? भौतिकशास्त्रातले विषय एकमेकांवर उभे आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मराठ्यांचा कालखंड आधी आणि प्राचीन भारत नंतर वाचता येतो, त्यात थोडी गैरसोय होते इतकंच. सदिश कलन न शिकता मॅक्सवेलची समीकरणं मात्र वाचता येत नाहीत. ती पाठ होतात, परीक्षेत उतरवताही येतात, पण त्यातल्या डायव्हर्जन्स आणि कर्ल या शब्दांमागे काय घडतं आहे ते दिसत नाही. विषयांची ही आतली नाती छापील अभ्यासक्रमात लिहिलेली नसतात. तिथे प्रत्येक पेपर स्वतंत्र प्रकरणासारखा, स्वतःच्या क्रमांकासह येतो.

एक उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण ते तुम्हाला पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत भेटणार आहे. स्प्रिंगला टांगलेलं वजन खाली ओढून सोडलं की ते वर-खाली हलत राहतं. त्याच्यावरचं बल मूळ जागेपासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतं आणि त्याची दिशा नेहमी मूळ जागेकडे असते. या एका विधानातून दुसऱ्या कोटीचं एक अवकल समीकरण मिळतं. पहिल्या वर्षी ते यांत्रिकीत येतं. मग विद्युत परिपथात तेच समीकरण वेगळी अक्षरं घालून येतं: वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, घर्षणाच्या जागी रोध, स्प्रिंगच्या ताठरपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त. प्रकाशिकीत काचेतले इलेक्ट्रॉन जणू स्प्रिंगने बांधलेले आहेत असं मानलं की अपवर्तनांक रंगानुसार का बदलतो ते कळतं, आणि त्यातून लोलकाने पांढरा प्रकाश का फाकतो हेही. पुंजयांत्रिकीत हाच दोलक ऊर्जेच्या समान अंतरावरच्या पायऱ्या देतो. आइन्स्टाइनने 1907 मध्ये घन पदार्थाच्या अणूंना असे दोलक मानूनच थंड पदार्थांची विशिष्ट उष्णता कमी का होते याचं स्पष्टीकरण दिलं, आणि तिसऱ्या वर्षीच्या घनावस्था भौतिकीत तुम्ही तिथपर्यंत पोचता. ज्याला पहिल्या वर्षी हे समीकरण स्वतः सोडवता आलं, अवमंदन आणि अनुनाद म्हणजे काय ते गणितातून उमगलं, त्याची पुढच्या चार पेपरांची निम्मी वाट सोपी झालेली असते. ज्याने सूत्र पाठ केलं, त्याला प्रत्येक वेळी नवीन सूत्र पाठ करावं लागतं.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम मत: शक्य असेल तर गौण विषय गणित घ्या. पहिल्या वर्षी कलन आणि अवकल समीकरणं. दुसऱ्या वर्षी बहुचल कलन, सदिश कलन आणि रैखिक बीजगणित, म्हणजे विद्युतचुंबकत्व आणि पुंजयांत्रिकी यांच्या आधी किंवा निदान बरोबरीने. त्यानंतर फूरिए श्रेणी, आंशिक अवकल समीकरणं, सदसत् संख्यांचं विश्लेषण. संभाव्यतेचा एखादा अभ्यासक्रमही मध्येच कुठेतरी बसवावा, कारण सांख्यिकीय भौतिकी मुळात मोजणीची विद्या आहे. ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये प्लांकचा नियम नव्या रीतीने सिद्ध केला. एकसारखे कण कसे मोजायचे या प्रश्नाचं वेगळं उत्तर हाच त्या सिद्धतेचा गाभा होता.

गणित लागेल तेव्हा शिकू, असं पुष्कळ जण म्हणतात. ते होत नाही असं नाही, पण त्याची किंमत मोठ्यांनीही मोजली आहे. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठात शिकताना आइन्स्टाइनने गणिताच्या व्याख्यानांकडे बरंच दुर्लक्ष केलं आणि परीक्षेसाठी वर्गमित्र मार्सेल ग्रोसमानच्या वह्यांवर विसंबून राहिला. पुढे 1912 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडताना वक्र अवकाशाची भूमिती अडली, तेव्हा तो पुन्हा त्याच ग्रोसमानकडे गेला. ग्रोसमान तोवर झ्युरिकमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला होता. अंतिम समीकरणं हाती यायला नोव्हेंबर 1915 उजाडला. हायझेनबर्गची गोष्टही अशीच आहे. 1925 च्या उन्हाळ्यात त्याने पुंजयांत्रिकीची जी मांडणी केली, तिच्यात राशींचा गुणाकार क्रमावर अवलंबून होता, आणि याचा त्याला स्वतःलाच त्रास होत होता. त्या राशी म्हणजे मॅट्रिक्स आहेत हे माक्स बोर्न यांनी ओळखलं, कारण त्यांनी ते गणित विद्यार्थिदशेत शिकून ठेवलं होतं. आज दुसऱ्या वर्षीचा विद्यार्थी ते सेमिस्टरभरात शिकतो. इतकी मोठी सोय हाताशी असताना ती नाकारू नये.

आपल्याकडचं उदाहरण जयंत नारळीकरांचं. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. जयंतराव तिथून 1957 मध्ये बीएस्सी होऊन केंब्रिजला गेले ते गणिताची ट्रायपॉस परीक्षा द्यायला, आणि त्या पायावर विश्वरचनाशास्त्रात काम केलं. भौतिकशास्त्र आणि गणित यांच्यामधली भिंत महाविद्यालयाच्या इमारतीत असते. विषयात ती शोधूनही सापडत नाही.

याला अपवाद आहेत, आणि ते मनापासून स्वीकारावेत असेच आहेत. पदार्थांच्या गुणधर्मांवर, बॅटऱ्यांवर किंवा सूक्ष्मकणांच्या रसायनावर काम करायची ओढ असेल तर रसायनशास्त्र योग्य. उपकरणं बांधण्यात, सर्किट उभं करण्यात ज्याचे हात रमतात त्याने इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं. भूकंप, भूजल, खनिजशोध यांत जायचं असेल तर भूशास्त्र. पण यांपैकी काहीही निवडलं तरी गणिताचे दोन-तीन अभ्यासक्रम खुल्या निवडीतून किंवा स्वयम् या ऑनलाइन व्यासपीठावरून पुरे करा. स्वयमवरचे श्रेयांक पदवीत धरण्याची सोय आहे, फक्त नोंदणीआधी महाविद्यालयाची लेखी मान्यता घ्या.

आता प्रयोगशाळेविषयी. विद्यार्थी आखणी करतात ती बहुधा फक्त लेखी पेपरांची. प्रॅक्टिकल म्हणजे जर्नलवर सह्या, परीक्षेआधी चार दिवस धावपळ, असं एक वळण पडून गेलं आहे. ते मोडायला हवं, आणि ते विद्यार्थीच मोडू शकतात.

केटरचा लंबक घ्या. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत तो भिंतीशी टांगलेला असतो. एक दांडा, त्यावर दोन धारी आधार आणि सरकवता येणारी वजनं. एका धारेवर टांगून दोलनकाल मोजायचा, मग उलटा करून दुसऱ्या धारेवर. वजनं सरकवून दोन्ही काल सारखे केले की दोन धारांमधलं अंतर हीच साध्या लंबकाची लांबी होते, आणि त्यातून गुरुत्वीय त्वरण मिळतं. यातली कल्पकता अशी की दांड्याचा गुरुत्वमध्य कुठे आहे हे शोधावंच लागत नाही. तिथेच साध्या लंबकाची सगळी अचूकता हरवत असे. हेन्री केटर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने हे उपकरण 1817 मध्ये लंडनमध्ये बनवलं. त्याआधी तो भारतात विल्यम लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात होता, म्हणजे जमीन अचूक मोजण्याचे धडे त्याने दक्षिण भारतात गिरवले होते.

आता पुण्यातला एखादा विद्यार्थी हा प्रयोग काळजीपूर्वक करतो आणि त्याला उत्तर मिळतं 9.78. पुस्तकात 9.81 छापलेलं असतं. तो गोंधळतो, वेळेच्या नोंदींत थोडी खाडाखोड करतो, आणि जर्नलमध्ये 9.81 लिहून मोकळा होतो. त्याचं मूळ उत्तर बरोबर होतं. गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर सुमारे 9.78 आणि ध्रुवांवर 9.83 असतं. 9.81 हा आकडा युरोपातल्या अक्षांशांचा. पुण्याचा अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची धरली तर किंमत 9.78 च्या जवळ येते. उत्तम मोजमाप करून, त्यावर विश्वास न ठेवल्यामुळे या विद्यार्थ्याने पृथ्वीच्या आकाराविषयीची माहिती पुसून टाकली. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे आणि फिरते आहे, हे त्याच्या स्टॉपवॉचमध्ये आलेलं होतं.

म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून प्रत्येक प्रयोगाच्या उत्तरासोबत त्रुटी लिहायची सवय लावून घ्या: आकडा, त्यापुढे अधिक-उणे किती, आणि ते कशावरून. व्हर्नियरचं लघुतम माप, वाचनांचा विखुरलेपणा, आलेखाच्या चढातली अनिश्चितता. जॉन टेलर यांचं त्रुटीविश्लेषणावरचं पुस्तक यासाठी आजही मला सगळ्यात चांगलं वाटतं. ते पहिल्या वर्षी वाचायला घेतलं तर तिसऱ्या वर्षीच्या प्रकल्पाचा दर्जाच बदलतो. पर्यायी पेपर निवडताना प्रात्यक्षिक असलेला आणि नसलेला यांत निवड असेल, तर निदान दोन वेळा प्रात्यक्षिकाच्या बाजूने कौल द्या. सिद्धांताची चुकलेली प्रकरणं नंतर घरी वाचून भरता येतात. वर्णपटमापक समतल करण्याचं कसब घरी येत नाही.

कौशल्याच्या अभ्यासक्रमांत निवडीचं मोठं दालन असतं आणि तिथे मुलं आकर्षक नावांना भुलतात. माझा सल्ला साधा आहे: संगणकीय भौतिकीचा किंवा पायथन भाषेचा अभ्यासक्रम असेल तर तो घ्या. लंबकाचंच पाहा. पुस्तकातलं दोलनकालाचं सूत्र लहान कोनापुरतं खरं असतं. लंबक 60 अंशांपर्यंत नेऊन सोडला तर त्याचा दोलनकाल त्या सूत्रापेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. ते समीकरण साध्या फलनांत सुटत नाही, पण संगणकावर पंधरा-वीस ओळींत पायरीपायरीने सोडवता येतं, आणि शेजारच्या टेबलावर खऱ्या लंबकाने ताडूनही पाहता येतं. गणित, संगणक आणि प्रयोग अशा तीन वाटांनी एकच गोष्ट पाहिल्यावर जी खात्री येते तिची चव एकदा घ्यावीच.

पुस्तकांविषयी थोडं. अकरावी-बारावीचा पाया डळमळीत वाटत असेल तर एच. सी. वर्मा यांचे दोन खंड पुन्हा काढायला मुळीच संकोच करू नका. यांत्रिकीसाठी क्लेपनर आणि कोलेन्को, विद्युतचुंबकत्वासाठी ग्रिफिथ्स, प्रकाशिकीसाठी आपले अजय घटक, गणिती पद्धतींसाठी मेरी बोआस. ग्रिफिथ्सच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण सदिश विश्लेषणाचं आहे, विजेचा उल्लेख त्यानंतर. लेखकाने तुमच्यासाठी क्रम लावून दिला आहे. रिचर्ड फाइनमन यांची व्याख्यानं सगळे सुचवतात, मीही सुचवतो, पण ती पहिलं पाठ्यपुस्तक म्हणून नकोत. 1961 ते 1963 या काळात कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमध्ये त्यांनी पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना ती दिली, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आपल्याला फारसं यश आलं नाही असं त्यांनीच प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. एखादा विषय एकदा नीट शिकून झाल्यावर फाइनमन उघडावेत. तेव्हा ते विलक्षण आनंद देतात.

ही सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत, आणि मराठी माध्यमातून, विशेषतः लहान गावांतून आलेल्या विद्यार्थ्यांना पहिलं वर्ष यामुळेच जड जातं. विषय अवघड नसतो, वाक्यं अवघड असतात. अशांनी प्रत्येक विषयाला एकच पुस्तक धरावं, रोज दोन-तीन पानं वाचावीत आणि वाचलेलं मित्रांना मराठीत समजावून सांगावं. मराठी विश्वकोशातल्या भौतिकशास्त्राच्या नोंदी यासाठी फार उपयोगी आहेत. ज्याला एन्ट्रॉपी मराठीत समजावता येते त्याला ती समजलेली असते. इंग्रजी वर्षभरात सरावाने येतं, त्याची भीती बाळगून विषय सोडू नका.

उन्हाळ्याची सुट्टी आखणीत मोजा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधनवृत्ती देतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही आहे. यांचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी महिने आधी मागवले जातात, आणि मुलांना ते कळतं तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. शिवाय महाराष्ट्रात राहणाऱ्यांना एक वेगळी संधी आहे. नारायणगावजवळ खोडद इथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय मीटर तरंग रेडिओ दुर्बीण आहे, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, तिथे विद्यार्थ्यांना येऊन पाहता येतं, शास्त्रज्ञांशी बोलता येतं. व्यतिकरणाचं प्रकरण शिकलेल्या विद्यार्थ्याने खोडदला जावं. यंगचा दोन फटींचा प्रयोग तिथे कित्येक किलोमीटरवर पसरलेला दिसतो.

चौथं वर्ष करायचं की तीन वर्षांनी पदवी घेऊन एमएस्सीला जायचं, हा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या शेवटी समोर येईल. तीन वर्षांनंतर दोन वर्षांची एमएस्सी, किंवा चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्षाची, अशा दोन्ही वाटा आयोगाने खुल्या ठेवल्या आहेत. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के गुण लागतात. आपल्या महाविद्यालयात संशोधन करणारे शिक्षक आणि चालणारी प्रयोगशाळा असेल तर चौथं वर्ष जरूर करावं. नसेल तर तिसऱ्या वर्षी आयआयटींची एमएस्सी प्रवेशासाठीची जॅम परीक्षा देऊन बाहेर पडणं मला अधिक हिताचं वाटतं. जॅमच्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमातला पहिला विभाग गणिती पद्धतींचा आहे, हेही नोंदवून ठेवा. संशोधनात जायचं नसेल, शिक्षकी पेशा, हवामान खातं, रुग्णालयातली विकिरण भौतिकी, सॉफ्टवेअर किंवा स्पर्धा परीक्षा यांकडे ओढा असेल, तरीही वर सांगितलेला क्रम बदलत नाही. वर्गात अनुनाद शिकवणाऱ्या शिक्षकाला तो संशोधकाइतकाच स्वच्छ समजलेला असायला हवा.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक विषयासाठी आधी काय हवं आणि पुढे तो कुठे लागतो याचे तपशील आहेत. ते वाचण्याआधी एक काम करा. तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून सगळ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम एकदम उतरवून घ्या, फक्त चालू सेमिस्टरचा नको. मोठ्या कागदावर सगळे पेपर मांडा आणि कोणता कोणावर उभा आहे ते बाणांनी जोडा. जिथे बाण उलटा जातो, म्हणजे गणित नंतर आणि त्यावर अवलंबून असलेला विषय आधी येतो, तिथे सुट्टीत काय वाचायचं ते लिहा. मग तो कागद घेऊन विभागातल्या शिक्षकांकडे जा. पहिल्याच महिन्यात जा, परीक्षेच्या तोंडावर नको. आखणी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला वेळ न देणारा शिक्षक मला अजून भेटलेला नाही.